अवसेनंतरचा तिसरा दिवस

आषाढ संपायच्या दिवशी आमच्या घरात दोन तयाऱ्या चालायच्या. आई देव्हाऱ्यातली निरांजनं, समया, माळ्यावरचे जुने पितळी दिवे असं सगळं खाली काढून चिंचेनं घासायची, पाटावर मांडायची, कणकेचे गोड दिवे उकडायची. त्याच वेळी भिंतीपलीकडं, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून, मी प्यायला बसायचो. तिची ती दिव्यांची आवस, माझी गटारी.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. श्रावणात महिनाभर बंद ठेवायची, ही आमच्याकडं कित्येक घरांतली रीत आहे. आठवड्यातून एकदा पिणाऱ्याला ती निभते. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत ही रीत जिवावर बेतू शकते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत, बाजारात, देवळात, कुणालाही ते ठाऊक नव्हतं. म्हणून लिहितो आहे.

मी तासगावचा. वडिलांचं शिलाईचं दुकान, त्यांच्यामागं ते माझ्याकडं आलं. बी. ए. केलं, पण कात्री त्याआधीच हातात बसली होती. पंधरा वर्षं प्यायलो. सुरुवातीच्या वर्षांत वेगळं सांगावं असं काही नाही. शेवटच्या चार वर्षांचं सांगतो, कारण तेव्हा नशेचा प्रश्न उरलाच नव्हता. सकाळी जाग यायची ती हातांच्या थरथरीनं. कपबशी वाजायची म्हणून बायको स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा द्यायची. सुईत दोरा ओवायला घेतला की दोऱ्याचं टोक नेढ्याच्या भोवती नुसतं फिरत राहायचं. मग अर्धी क्वार्टर, पाणी न घालता. वीस मिनिटांत हात असे थांबायचे की काजाचा एकेक टाका रेघेत बसायचा. याला उतारा म्हणतात. मला वाटायचं, दारू माझा हात स्थिर करते. ती थरथर मुळात दारू उतरण्याची होती. रोज सकाळी माझ्या अंगात सुटण्याची सुरुवात होत होती आणि रोज सकाळी मी तीवर अर्धी क्वार्टर ओतत होतो.

2014 साली गटारी 26 जुलैला, शनिवारी आली. त्या जूनमध्ये मुलगी सातवीत गेली होती. तिच्या गणवेशाची एक बाही मी उलटी जोडली होती आणि ती पोर महिनाभर तशीच शाळेत जात होती, मला एका शब्दानं न सांगता. त्या शनिवारी तो फ्रॉक दोरीवर वाळताना मी पाहिला. रात्री अकराच्या सुमाराला शेवटचा ग्लास संपवून घरात गेलो आणि आईच्या पेटत्या दिव्यांवर हात धरून म्हणालो, "आजपासून बंद." आई रडली. बायको काही बोलली नाही.

तो निश्चय खरा होता. पुढं जे झालं त्यावरून लोकांनी त्याला खोटा ठरवला, म्हणून मुद्दाम सांगतो.

रविवारी सकाळी थरथर आली, ती रोजचीच. उतारा घेतला नाही. दहा वाजेपर्यंत अंगाला घाम फुटला, छातीत धडधड सुरू झाली, चहा पोटात ठरेना. दुपारी कपाळावर नळाच्या पाण्याची धार धरून बसलो. माणसांचा आवाज सहन होईना. शेजारी कुणी कुकर लावला तरी दचकत होतो. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुकान बंद, दिवे बंद, आणि मला मात्र शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. दोनदा उठून बघून आलो. मशीनवर कापड झाकलेलं होतं.

सोमवारी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सातला मोरीत दात घासताना मला फिट आली. हे मला आठवत नाही. दात घासत होतो आणि नंतर जमिनीवर होतो, जीभ चावलेली, बायकोच्या मांडीवर डोकं. जवळच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस जेवला नाही?" मग अशक्तपणा ठरला, ताकदीची म्हणून ग्लुकोजची सलाईन लागली, आणि दुपारी घरी. काय पिता, कधीपासून बंद केलं, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. सुटलीय, ही तर चांगली गोष्ट. ती दुखण्याचं कारण म्हणून कोण सांगेल?

मंगळवारी संध्याकाळपासून शुक्रवार सकाळपर्यंतचा काळ माझ्याकडं नाही. तो मला दुसऱ्यांच्या तोंडून मिळाला आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडचा वेगळा.

आई सांगायची की मी भिंतीकडं बोट करून कुणाशी तरी भांडत होतो, अंगावरून मुंग्या झटकत होतो, तिला ओळखत नव्हतो. अवसेनंतरचा तिसरा दिवस. गल्लीत एकच निदान झालं: अवसेला बाधलं. आईनं माझ्यावरून लिंबू, दहीभात उतरून तिठ्यावर ठेवायला दिला. त्यालाही उतारा म्हणतात. देवऋषाला बोलवायचं चाललं होतं. मेहुणा विट्याहून आला, त्यानं माझ्या कपाळाला हात लावला, अंग तापानं फणफणत होतं. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. गाडी काढली आणि सांगलीला नेलं. आज मी आहे तो त्याच्यामुळं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी दारातच बायकोला विचारलं, "रोज पितात का? शेवटची कधी घेतली?" पहिल्यांदा कुणीतरी ते विचारलं. ती म्हणाली, "शनिवारी रात्री. देवाची शपथ घेतलीय त्यांनी." डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आज तिसरा दिवस," आणि धावत आत गेले.

या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हे नाव 1813 साली थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरांनी दिलं. मराठीत त्याला कंपोन्माद म्हणता येईल. मी नंतर पुष्कळ वाचलं, कारण आपलं काय झालं होतं हे कळल्याशिवाय चैन पडेना. माझ्या दुखण्याचं वेळापत्रक शेकडो वर्षांत बदललेलं नाही. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ. फिट येणार असेल तर बहुधा पहिल्या 48 तासांत. आणि थोड्या जणांना साधारण 48 ते 96 तासांच्या मधे हा उन्माद: दिशा-वार-माणसं हरवणं, नसलेलं दिसणं, ताप, नाडी धावत सुटणं. वेळेवर उपचार नसतील तर यात माणूस मरू शकतो. हेरॉइन सोडताना होणारे हाल भयंकर असतात, पण त्यात जीव जाणं विरळा; दारूच्या सुटण्यात तो जाऊ शकतो. हातभट्टीपासून परदेशी बाटलीपर्यंत सगळ्या दारूला हे लागू आहे.

हे असं का होतं, ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मशीनवर दोन दोरे असतात, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा. दोघांचा ताण सारखा असेल तर टाका कापडाच्या मधोमध बसतो. आता समजा, कुणीतरी रोज येऊन वरचा ताण आवळून जातो. टाका बिघडू नये म्हणून तुम्ही बॉबिन केसचा बारीक स्क्रू आवळता. तो आणखी आवळतो, तुम्ही आणखी आवळता. शिलाई ठीक दिसते, पण दोन्ही दोरे तुटायला आलेले. आणि मग एके दिवशी तो यायचाच बंद होतो. वरचा ताण क्षणात पूर्ववत, खालचा मात्र तसाच आवळलेला. कापडाला चुण्या पडतात, दोरा तुटतो. मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. आणि चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याला दाबते. मेंदू वर्षानुवर्षं उलट बाजूचा स्क्रू आवळत राहतो. दारू एका रात्रीत बंद होते. स्क्रू मात्र सैल व्हायला दिवस लागतात. धोका आहे तो त्या मधल्या दिवसांत.

पूर्वी डॉक्टरांतही वाद होता. काही जण म्हणत, हे दारू सोडल्यानं होत नाही, उपाशी राहिल्यानं होतं, अशक्तपणानं होतं. म्हणजे आमच्या गावच्या डॉक्टरांचं म्हणणं काही नवं नव्हतं. 1955 साली अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथं हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना भरपूर खायला घालून, जीवनसत्त्वं देऊन, आठवडेच्या आठवडे दारू पाजली, काहींना तर 87 दिवसांपर्यंत, आणि मग एकदम बंद केली. चांगलं खाल्लेल्या त्या माणसांनाही फिट आल्या, भ्रम झाले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि करू नयेच. पण त्यामुळं अशक्तपणाचा मुद्दा कायमचा निकालात निघाला. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं स्वतःला इतकी वर्षं दोष दिला नसता. "दोन घास जास्त भरवायला पाहिजे होते," असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

त्या तीन रात्री बायको माझ्या खाटेशी होती. हात बांधायला लागले होते, कारण मी सलाईन ओढून काढत होतो. दुसऱ्या रात्री नर्सला विचारून तिनं माझा उजवा हात सोडवून घेतला. तिनं जे पाहिलं ते मला दीड वर्षानं सांगितलं. मी बसल्या बसल्या शिवत होतो. डाव्या बांधलेल्या हाताच्या चिमटीत चादर, उजव्या हातात नसलेली सुई. दोरा दातानं तोडायचा, टोक ओलं करायचं, ओवायचं, गाठ मारायची. टाका, ओढ, टाका, ओढ. मधेच कुणाला तरी हाक मारून खडू मागायचा. चादर हातातून निसटली की सैरभैर व्हायचा जीव. म्हणून तिनं आपला पदर माझ्या हातात दिला. रात्रभर मी त्या पदराला शिवत राहिलो आणि ती हलली नाही.

मी विचारलं, "काय शिवत होतो मी?"

ती म्हणाली, "काज करत होतात. एक झालं की दोन बोटं सोडून दुसरं. आणि हात जरासुद्धा थरथरत नाही असं तुम्हाला वाटत होतं."

डॉक्टरांच्या पुस्तकांतही हे आहे: कंपोन्मादात माणूस पुष्कळदा आपलाच धंदा करत बसतो. कुणी खिळे ठोकतो, कुणी गाडी हाकतो. वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. एवढं सगळं हरवलं होतं, पण काम हरवलं नव्हतं.

शुक्रवारी, 1 ऑगस्टला, सकाळी मी माणसात आलो. खिडकीतून ऊन येत होतं. बायकोला ओळखलं, ते वॉर्ड आहे हे ओळखलं, पण मला वाटत होतं अजून मंगळवारच आहे. मेहुणीनं घरून पुरणाची दिंडं आणली होती, त्यावरून कळलं की नागपंचमी. नागपंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, कापत नाहीत. वडील त्या दिवशी कात्रीला हात लावत नसत. मी एक दिंड खाल्लं. पाच दिवसांतला तो माझा पहिला घास.

आता त्या ग्लुकोजच्या सलाईनबद्दल, कारण ती गोष्ट अजून गावोगाव घडते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, पुष्कळदा जवळजवळ संपलेलं असतं. नीट खाणाऱ्याकडंही त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. साखर जाळायला शरीराला थायमिन लागतं. अशा माणसाला आधी नुसतं ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते: डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, पुढं स्मरण जातं. कार्ल वेर्निके यांनी 1881 साली हा आजार नोंदवला. सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांपुढं पेन फिरवून तेच तपासलं होतं. मी वाचलो. हे थायमिन सापडलं त्याची वाट आपल्या जेवणाच्या ताटातून जाते. कोंडा काढलेला, पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात, हे जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन यांच्या लक्षात आलं. 1929 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. साधं, स्वस्त इंजेक्शन आहे. कुठल्याही गावात मिळतं. फक्त द्यायचं आधी, हे ठाऊक पाहिजे.

मी पुन्हा प्यायलो. पाच महिन्यांनी, एका लग्नात. दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या मीटिंगमध्ये याला स्लिप म्हणतात, पण माझं ते घसरणं वर्षभर चाललं. त्या वर्षात तीनदा घरच्या घरी बंद करायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशीच्या भीतीनं परत घेतली. मला दारूची ओढ होती हे खरंच, पण त्याहून मोठी ती मंगळवारची भीती होती. पिणाऱ्याच्या घरच्यांना हे कळावं अशी माझी फार इच्छा आहे. तो संध्याकाळी बाटलीकडं जातो तेव्हा त्याला मजा हवी असते असं नाही.

जानेवारी 2016 मध्ये बायको मला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेली. त्यांनी सगळं विचारून घेतलं: रोज किती, सकाळी लागते का, याआधी फिट आली होती का, भ्रम झाला होता का, आणखी काही गोळ्या चालू आहेत का. मग म्हणाल्या, "सोमवारी भरती व्हा. आणि तोपर्यंत एकदम बंद करू नका."

बायको त्यांच्याकडं बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगत होतं की नवऱ्याला थांबवू नका.

बाईंनी समजावलं. प्रत्येक अचानक सोडण्यानं मेंदू अधिक चिडका होत जातो. पुढच्या वेळी फिट लवकर येते, जोरात येते. ज्याला एकदा फिट किंवा भ्रम झाला आहे त्यानं घरी प्रयत्न करायचाच नाही. ज्याला तसं काही झालेलं नाही, ज्याचं पिणं कमी आहे, घरात सोबत आहे, त्याचं डॉक्टरच्या देखरेखीखाली घरूनही होऊ शकतं. पण तेही डॉक्टरनं ठरवायचं. आपण नाही, सासऱ्यांनी नाही, देवळातल्या पुजाऱ्यानं तर नाहीच.

सोमवारी गेलो. पहिल्या तासात थायमिनचं इंजेक्शन आणि पिवळ्या रंगाची जीवनसत्त्वांची सलाईन. रक्त घेतलं: लिव्हर, साखर, क्षार. मग लिब्रियमच्या गोळ्या. औषध जुनं, 1960 पासून बाजारात. दारू मेंदूत ज्या दारानं शिरते त्याच दाराशी ते बसतं, पण हळूहळू उठून जातं. वरच्या दोऱ्याचा ताण एकदम सोडायचा नाही, रोज थोडा सैल करायचा, म्हणजे बॉबिनला सवड मिळते. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त, मग रोज कमी, सातव्या दिवशी शून्य. लिव्हर फार बिघडलेलं असेल तर दुसरी गोळी देतात. या गोळ्यांचीही सवय लागू शकते, म्हणून त्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घ्यायच्या नसतात, आणि त्यांच्यावर दारू तर अजिबात नाही. दोन्ही मिळून श्वास थांबवू शकतात.

दर काही तासांनी नर्स यायची. "हात पुढं करा. बोटं पसरा." मी हात पुढं करायचो, ती टोकांकडं बघायची. मग कपाळ चाचपायचं, घाम किती. मळमळ? डोकं जड? अंगावर काही चालल्यासारखं? उजेड टोचतो का? आवाज? जीव घाबरा होतोय? आज वार कोणता? दहा गोष्टी, प्रत्येकीला गुण, सगळे मिळून जास्तीत जास्त 67. माझे पहिल्या रात्री बावीसच्या आसपास गेले, तेव्हा गोळी वाढवली.

पहिली रात्र वाईट गेली. घामानं चादर दोनदा बदलली. दुसऱ्या दिवशी हात थरथरले पण कपबशी धरता आली. बुधवारच्या रात्रीची मी वाट बघत होतो, जशी माणूस पुराच्या पाण्याची बघतो. बायकोनं पदर खोचून न ठेवता मोकळा सोडला होता, हे मी पाहिलं; तेव्हाच मी तिला विचारलं आणि तिनं ती पदराची गोष्ट सांगितली. बोलता बोलता उजाडलं. काहीच आलं नाही. गुरुवार आला. पाचव्या दिवशी मला भूक लागली, खरीखुरी, पोटात कालवाकालव होणारी भूक. मेहुण्यानं भाकरी आणि घेवड्याची आमटी आणली होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

त्याच आजारातले तेच पाच दिवस. पहिल्या वेळी मी मरता मरता वाचलो, दुसऱ्या वेळी घामाच्या दोन चादरींवर निभावलं. माझा निश्चय दोन्ही वेळा तेवढाच होता. उलट 2014 सालचा जास्त होता.

पुढचे आठवडे कसे जातात हेही सांगायला हवं, कारण घरचे समजतात की दवाखान्यातून आला म्हणजे सुटला. झोप दीड-दोन महिने तुकड्या-तुकड्यांची. स्वप्नात प्यायचो आणि दचकून उठून तोंडाचा वास बघायचो. गोडाची अशी हाव, की खिशात गुळाचा खडा ठेवायचो. कारण नसताना रडू यायचं. मुलीनं पाण्याचा तांब्या आणून दिला तरी डोळे भरायचे. चिडचिड तर विचारू नका. चेहऱ्याची सूज उतरली, विजारीचं कंबरेचं माप दोन इंचांनी कमी झालं. स्वतःचं माप वहीत लिहिताना वडिलांच्या अक्षरातलं माझं लग्नाच्या वेळचं माप त्याच वहीत मागं सापडलं. तेवढंच झालं होतं.

अंगातून दारू काढणं वेगळं आणि न पिता जगणं वेगळं. पहिलं आठवड्यात होतं. दुसऱ्यासाठी मी एका व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो आणि मग मीटिंगला जायला लागलो, अजून जातो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा असतो, तो उगीच नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: "न कळत दारू सोडवा" अशा पुड्या आमटीत कालवू नका. त्यात काय असतं कुणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो. ते औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला ठाऊक असेल तरच. नवऱ्याला न सांगता घातलेली पुडी हा त्याच्यावर केलेला विषप्रयोगच आहे, मग घालणारीचं मन कितीही पोळलेलं असो.

2019 साली दिल्लीच्या एम्सनं केलेली देशभराची पाहणी प्रसिद्ध झाली. दारूवर पूर्ण अवलंबून असलेली माणसं जवळजवळ 2 कोटी 90 लाख. त्यांतल्या 38 जणांमागं एकालाच काही उपचार मिळाल्याचं त्यात आहे, आणि दवाखान्यात राहून उपचार 180 जणांमागं एकाला. म्हणजे उरलेले माझ्यासारखे, दिव्यावर हात धरून.

त्यानंतर वर्षभरानं, मार्च 2020 च्या शेवटी, सगळा देशच एका रात्रीत श्रावण पाळायला लागला. दारूची दुकानं बंद झाली. मी घरी मास्क शिवत होतो आणि मनात दिवस मोजत होतो: आज पहिला, आज दुसरा, उद्या कितीतरी घरांत तो तिसरा दिवस. केरळात सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर अशा रुग्णांना दारू द्यायचं ठरवलं आणि तिथल्या उच्च न्यायालयानं 2 एप्रिलला त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांच्या संघटनाही त्या निर्णयाच्या विरोधात होत्या. औषधं आहेत, ती द्या, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण औषधापर्यंत पोचायलाही माणसाला आधी कळावं लागतं की आपल्याला होतंय तो आजार आहे. शनिवारी आमच्या मागच्या आळीतला एक जण मास्क न्यायला आला आणि पैसे देताना नाणी त्याच्या हातातून सांडली. मी त्याला बसवून घेतलं. त्याच्या घरच्यांना विचारलं, 108 ला फोन केला, पोलिसांना रस्त्यात काय सांगायचं ते शिकवलं. तो वाचला. पुढं तो परत प्यायला लागला की नाही, हा प्रश्न मला लोक लगेच विचारतात. त्या शनिवारी तो प्रश्न नव्हता.

तेव्हापासून माझ्या मापाच्या वहीचं शेवटचं पान मी राखून ठेवलंय. त्यावर वरती दोन नंबर आहेत: व्यसनमुक्तीचा 14446 आणि मनाच्या दुखण्यासाठीचा टेलिमानस, 14416. खाली चार रकाने. शेवटची कधी. रोज किती. फिट आली होती का. घरी कोण आहे.

दिव्यांच्या अवसेला आता दुकान मी रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवतो. आई गेली, दिवे आता बायको मांडते, त्यांतला एक समईचा दिवा दुकानात मशीनशेजारी ठेवते. गेल्या वर्षी रात्री साडेनऊला एक तरुण आला. शर्ट शिवायचाय म्हणाला. कापड आणलं नव्हतं. "उद्यापासून श्रावण धरतोय मास्तर, म्हटलं नवा शर्ट तरी टाकावा," असं काहीतरी बोलत होता. मी टेप गळ्यातून काढली. छाती, खांदा, गळा घेतला.

"हात पुढं करा," मी म्हणालो. "बोटं पसरा."

बाहीचं माप घ्यायला बोटं पसरायला लागत नाहीत. त्यानं पसरली. मी टोकांकडं बघत उभा राहिलो, मग टेप खाली ठेवली आणि वहीचं मागचं पान उघडलं.

"शेवटची कधी घेतली?"